दादांची खोली

आठल्यांच्या घरातली दिवाळीची पहिली आंघोळ बत्तीस वर्षं दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये झाली आणि तेहतिसाव्या वर्षी ती गुडगावला गेली. याचं खरं कारण विश्वनाथ तीस जूनला रिटायर झाले हे होतं. सांगायचं कारण वेगळं होतं आणि ते त्यांच्या धाकट्या भावाने, श्रीपादने, फोनवर सांगितलं. नव्या घरातली पहिलीच दिवाळी आहे, तेव्हा दादा-वहिनींनी आदल्या दिवशीच राहायला यावं आणि सगळं आपल्या पद्धतीने व्हावं, असं तो म्हणाला. आपल्या पद्धतीने म्हणजे वहिनीने चार वाजता उठून सगळ्यांना तेल लावावं, हे विश्वनाथांच्या बायकोला, वृंदाला, लगेच कळलं. तिची त्याला ना नव्हती. घरातल्या प्रत्येक टाळूवर त्या दिवशी पहिला हात आपला पडतो, याचा तिला मनातून अभिमान होता, आणि हा अभिमान तिने कधी कोणाला दाखवला नव्हता.

रिटायर झालेल्या माणसाला क्वार्टर चार महिने ठेवता येतं. ते चार महिने बरोबर पाडव्याला संपत होते. त्यानंतर कुठे, हे घरात कोणी मोठ्याने विचारलं नव्हतं, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे असं सगळेच धरून चालले होते. चार वर्षांपूर्वी प्लॉट घेतला तेव्हा श्रीपादने क्वार्टरमधल्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला होता, खालच्या मजल्यावरच्या एका चौकोनावर बोट ठेवलं होतं आणि म्हणाला होता, ही दादांची खोली. वहिनीला जिना नको म्हणून खाली. तो चौकोन वृंदाच्या गुडघ्यांनी तेव्हापासून लक्षात ठेवला होता. दुसरी सोय म्हणजे दिल्लीच्या दुसऱ्या टोकाला, रोहिणीत, डीडीएचा सरकारी फ्लॅट. दोन खोल्या, चौथा मजला, लिफ्ट नाही, पाणी सकाळी अर्धा तास. लॉटरीत लागला म्हणून विश्वनाथांनी तो घेतला होता आणि किल्ली घ्यायला गेले तेवढाच काय तो पाहिला होता.

श्रीपाद विश्वनाथांचा सोळा वर्षांनी धाकटा भाऊ. आईवडील गेल्यावर तो बारा वर्षांचा असताना दिल्लीत आला, तेव्हा वृंदाच्या लग्नाला चार महिने झाले होते. विशीतल्या नव्या नवरीला नवऱ्याबरोबर एक तयार मुलगाही मिळाला. पहाडगंजच्या मराठी शाळेत त्याला बसमधून पोचवणं, त्याच्या उवा काढणं, त्याच्या प्रगतिपुस्तकावर विश्वनाथांची सही मिळेपर्यंत दोघांच्या मध्ये उभं राहणं, हे सगळं तिने केलं. आता तो मानेसरच्या मोटारींचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मॅनेजर होता, कमरेला पेजर होता, आणि जपानी कंपनीशी झालेल्या करारामुळे नागोयाला तीन वर्षांसाठी कोण जाणार याची यादी कारखान्यात फिरत होती.

आदल्या संध्याकाळी टॅक्सी श्रीपादच्या नव्या बंगल्यासमोर, तिकडच्या भाषेत कोठीसमोर, थांबली. कोठीला दोन गोल खांब होते, जे काही उचलून धरत नव्हते. आजूबाजूला अशाच पाच कोठ्या, दहा-बारा खोदलेले पाये आणि मधोमध बाजरी कापून झालेलं शेत. विश्वनाथांना श्रीपाद जनरेटर दाखवायला घेऊन गेला. वृंदा हातातली पिशवी न ठेवता सरळ खालच्या खोलीकडे गेली, कारण ती खोली कुठे आहे हे तिला नकाशावरून पाठ होतं.

तिने दार उघडलं. आत पलंग नव्हता. काळ्या दगडाचा एक वळणदार कट्टा होता, त्याच्यापुढे चार उंच स्टुलं होती आणि मागे भिंतभर आरशापुढे पंचवीस-तीस बाटल्या मांडल्या होत्या. आरशामुळे त्या साठ दिसत होत्या. वर लाल दिवा होता. वृंदाने दार होतं तसं लावून घेतलं. मागे रुचिरा उभी होती, श्रीपादची बायको आणि शार्दूलची आई. तिची नजर जमिनीवर होती.

“वहिनी, तुमचं अंथरूण वर घातलंय. शार्दूलच्या खोलीत.”

वृंदा कठडा धरून एकेक पायरी चढली. प्रत्येक पायरीवर तिने रुचिराला मनातल्या मनात एकेक विशेषण बहाल केलं. पुण्याची एकुलती एक, केस कापलेली, किटी पार्टीला जाणारी. हिच्याशिवाय हे सुचणार कोणाला? नवऱ्याला तिने खोलीबद्दल काही सांगितलं नाही. सणाच्या आदल्या दिवशी त्यांचं मन कशाला मोडा, असा तिने विचार केला. खरं म्हणजे ते ऐकून काहीच बोलणार नाहीत, आणि ते न बोलणं आपल्याला रात्रभर ऐकावं लागेल, हे तिला माहीत होतं.

पहाटे चारला ती उठली आणि पाच मिनिटांनी वीज गेली. जनरेटर होता, पण तो सुरू करणारा माणूस दिवाळीला बुलंदशहरला गेला होता. वरच्या मजल्यावर न्हाणीघर म्हणून जे काही होतं त्यात माणसाने पाण्यात पडून राहावं असा गुलाबी टब होता. पाट ठेवायला जागाच नव्हती. वृंदाने क्वार्टरमधून आणलेलं पितळी पातेलं गॅसवर चढवलं, मागच्या अंगणात पाट मांडला, रांगोळीची दोन बोटं ओढली, पणत्या लावल्या, तेल कोमट केलं. पायाने फोडायला कारीट हवं. ते दिल्लीत मिळत नाही, म्हणून ती बत्तीस वर्षं बोटाएवढं कारलं वापरत आली होती. कडू असलं म्हणजे झालं, नरकासुराला काय कळतंय. विश्वनाथांची आंघोळ झाली, शार्दूलची अर्धवट झोपेत झाली. सगळं कसं वेळेवर चाललं होतं. पाच वाजायला पाच मिनिटं कमी असताना दाराची कडी वाजली.

आता इथे रुचिराचं गणित सांगितलं पाहिजे. श्रीपादचे साहेब भसीन आणि त्यांच्या मिसेस यांना तिने फराळाला बोलावलं होतं. त्यासाठी कॉम्प्युटरवर इंग्रजीत एक पत्रिका छापली होती आणि आपल्या परंपरा कशा असतात ते कळावं म्हणून तीत अभ्यंगस्नानापासून सगळा कार्यक्रम लिहिला होता. फराळ सातला. दिल्लीतली माणसं कुठेही दोन तास उशिरा येतात, हे तिने अकरा वर्षांत शिकलेलं होतं. म्हणून पाहुण्यांनी सातला यावं यासाठी तिने यायची वेळ पाचची टाकली. हिशेब चोख होता. फक्त भसीन साहेब नुकतेच तीन महिने नागोयाला राहून आले होते आणि तिथून परत येताना वक्तशीरपणा घेऊन आले होते.

दारात ते नवराबायको उभे होते. साहेबांच्या खांद्यावर टॉवेल होता. मिसेस भसीनच्या हातात प्लॅस्टिकची परडी होती आणि तीत कंगवा, शांपू आणि बदलायचे कपडे. पत्रिकेत स्नान लिहिलंय तर स्नान, घरून पारोसेच आलोत, असं साहेबांनी सांगितलं. रुचिरा पैठणीत होती, पण गंगावनाचा अंबाडा अर्धाच झाला होता. तिने श्रीपादकडे पाहिलं. श्रीपाद लुंगीत होता. त्याने आयुष्यात इतक्या घाईने पँट चढवली नव्हती. स्वतःची आंघोळ राहिली ती राहिलीच.

प्रसंग सावरला तो वृंदाने. बत्तीस वर्षांत सरोजिनी नगरच्या भाजीवाल्यांनी, धोब्यांनी आणि शेजारच्या सरदारणीने तिची हिंदी तासून गुळगुळीत केली होती. सणाला आलेला पाहुणा आधी, असं सांगून तिने मिसेस भसीनना हाताला धरून अंगणात नेलं आणि पाटावर बसवलं. साहेबांसाठी दोन बादल्या वर पाठवल्या. तत्पूर्वी कारलं कसं फोडायचं ते त्यांना दाखवलं. साहेबांनी ते अंगठ्याने फोडलं, मग समाधान होईना म्हणून टाचेने फोडलं, आणि राक्षस मेल्याची खात्री पटल्यावरच वर गेले.

मिसेस भसीन मोठ्या देहाच्या, मोठ्या आवाजाच्या होत्या. तेलाचा पहिला हात टाळूवर पडेपर्यंत त्या बोलत होत्या. वृंदाने कपाळ, कानामागची जागा, मान सावकाश चोळली.

“माझी आई, बीजी, गेल्यापासून माझ्या डोक्याला कोणी हात लावला नव्हता,” त्या हिंदीत हळूच म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. वृंदालाही भरून आलं. परक्या बाईच्या डोक्यावर हात ठेवल्यावर इतकं बरं वाटेल असं तिला वाटलं नव्हतं.

केस पुसता पुसता मिसेस भसीननी विचारलं, “भाभीजी, आप यहीं रहती हैं न?”

वृंदा थांबली. अंगणाच्या दारात श्रीपाद चहाचा ट्रे घेऊन उभा होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. गेल्याच महिन्यात भसीन साहेबांनी सगळ्या मॅनेजरांना गोळा करून, जो माणूस घरातली वडीलधारी सांभाळतो तोच कारखाना सांभाळू शकतो, असं अर्धा तास सांगितलं होतं. ते वृंदाला माहीत नव्हतं. श्रीपादला चांगलं माहीत होतं.

“हाँ जी, बिल्कुल,” तो म्हणाला. “नीचेवाला कमरा दादा का ही है.”

वृंदाचं वेडं मन. खोलीत काय आहे ते डोळ्यांनी बघून आली होती, तरी ते एक वाक्य ऐकून तिला क्षणभर वाटलं की हलवतील, स्टुलं हलवतील, दिवाळी झाली की हलवतील.

भसीन साहेब टबातून न्हाऊन, नवा कुडता घालून खाली आले तेव्हा त्यांच्या बायकोने ही बातमी त्यांना दिली. साहेब खूश झाले. दादाजींना नमस्कार त्यांच्या खोलीतच करायचा, असं त्यांनी ठरवलं. श्रीपाद म्हणाला, पसारा आहे. रुचिरा म्हणाली, चकल्या गार होतायत. पण साहेब कारखान्यातसुद्धा न सांगता कुठलीही दारं उघडत. ते पुढे झाले आणि त्यांनी दार उघडलं. त्याच वेळी वीजही आली.

लाल दिव्यात साठ बाटल्या चमकल्या. विश्वनाथ सगळ्यांत मागे होते, धूतवस्त्र नेसलेले, कपाळाला गंध. माणसं बाजूला झाली तशी त्यांना खोली दिसली. छत्तीस वर्षं नोकरी करून ऑफिसची पेन्सिल घरी न आणलेला हा माणूस. लग्नात कोणी पान पुढे केलं तर त्यातली सुपारी काढून ठेवणारा. त्यांनी आधी बाटल्या पाहिल्या, मग चार स्टुलं पाहिली. मग श्रीपादकडे पाहिलं. श्रीपाद प्रगतिपुस्तक लपवायचा तेव्हा जसा उभा राहायचा तसा उभा होता, फक्त पोट सुटलेलं. वृंदाला वाटलं, आता मधे पडावं. तीस वर्षांची सवय. पण पाय उचलला नाही.

“जी हाँ,” विश्वनाथ भसीन साहेबांना म्हणाले, “मेरा ही कमरा है.”

साहेबांना इतका आनंद कशानेच झाला नसता. त्यांनी दादांना मिठी मारली आणि हे मराठी लोक वरून किती साधे दिसतात, असं मोठ्याने सांगितलं. मिसेस भसीन मात्र खोलीभर नजर फिरवत होत्या. बायकांना पलंग दिसला नाही की चैन पडत नाही.

“और दादाजी, सोते कहाँ हैं?”

“रिटायर आदमी है जी,” विश्वनाथ म्हणाले, “कहीं भी सो जाता है.”

साहेब खूप हसले. मिसेस भसीन हसल्या नाहीत. त्यांनी वृंदाचा हात हातात घेतला आणि फराळ संपेपर्यंत सोडला नाही. चकलीची तारीफ झाली, अनारसे म्हणजे काय ते दोनदा समजावून झालं, चिवडा डब्यात भरून दिला गेला. साडेसातला निघताना भसीन साहेब श्रीपादच्या पाठीवर थाप मारून नागोयाबद्दल काहीतरी बोलले, आणि गाडी बाजरीच्या शेताला वळसा घालून गेली तरी श्रीपाद फाटकात हात हलवत उभा होता.

वृंदा स्वयंपाकघरात गेली ती कालपासून साठवलेलं सगळं घेऊनच. रुचिरा ओट्याशी पाठ करून बशा विसळत होती, पैठणीचा पदर खोचून. वृंदाने तोंड उघडायच्या आत तीच बोलली.

“मी भांडले होते वहिनी. दोन महिने भांडले. मला तुम्ही हव्या होतात इथे.” तिने नळ बंद केला. “दिवसभर कुत्रं भुंकत नाही या जंगलात. फोन आठवड्यातून तीन दिवस चालतो. तुम्ही खाली आहात म्हटल्यावर मला धीर आला असता. पण तो म्हणाला, दादा राहायला आले तर माझ्याच घरात मला ग्लास हातात धरता येणार नाही.”

“आणि म्हणून खोलीच भरून टाकली?”

“म्हणजे विचारायचा प्रश्नच नको.”

वृंदा स्टुलावर बसली. एवढी सगळी विशेषणं काल जिन्यात चुकीच्या माणसाला देऊन झाली होती आणि ती परत घ्यायची पद्धत जावाजावांत नसते. तिने नुसता हात पुढे करून एक बशी पुसायला घेतली. रुचिराने दुसरी दिली. दोघींनी मिळून सगळ्या बशा पुसल्या आणि लग्नानंतरच्या अकरा वर्षांत त्या पहिल्यांदाच एका बाजूला आल्या. मात्र त्याचा उपयोग व्हायची वेळ निघून गेली होती.

बाहेर विश्वनाथ पायरीवर पेपर वाचत बसले होते. वृंदा जवळ गेली तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. खोलीबद्दल ते बोलले नाहीत, बाटल्यांबद्दल बोलले नाहीत, आपण आयुष्यातली पहिली थाप मारली त्याबद्दलही बोलले नाहीत.

“त्याची आंघोळ राहिलीय,” एवढंच म्हणाले.

ऊन अंगणात आलं होतं. श्रीपाद पंचा नेसून पाटावर बसला. तो खुशीत होता. भसीन काय म्हणाले, यादीत आता दोनच नावं कशी उरलीत, दादांनी काय कमाल सांभाळून घेतलं, असं काहीबाही बोलत होता. वृंदाने तेल त्याच्या टाळूवर ओतलं आणि दाबून हात फिरवला तशी त्याची मान आपोआप खाली गेली. टक्कल पडायला लागलं होतं. बारा वर्षांचा असताना याच जागी खोक पडली होती, तिची खूण बोटाला लागली.

“श्रीपाद, आम्ही इथे राहायला यावं का?”

“अगं म्हणजे काय वहिनी, आता तर भसीनसमोर…”

“भसीन गेले. मी विचारतेय.”

तो हसला. मग हसणं संपलं. तिने हात थांबवला नाही. कानामागे, मानेवर, खांद्यावर तेल जिरवत राहिली. मान वर करायला त्याला जागा नव्हती. एखादं गोड, गुळगुळीत वाक्य तो बोलेल, दिवाळीनंतर बघू म्हणेल, कारपेंटर मिळत नाही म्हणेल, याची तिने तयारी केली होती. तसलं वाक्य तिने मान्यही केलं असतं.

“तू ये,” तो खाली बघत म्हणाला. “तू कधीही ये. पण दादा नकोत.”

वृंदाचा हात थांबला.

“ते ओरडले असते तर चाललं असतं,” तो म्हणाला. “ते काही बोलत नाहीत. लहानपणापासून काही बोलले नाहीत. आजसुद्धा बघ, माझ्यासाठी खोटं बोलले आणि मला काही बोलले नाहीत. मला नाही सोसत गं ते.”

तो खरं बोलत होता. तिला कळत होतं की हे तो दुसऱ्या कोणाला सांगू शकला नसता, रुचिरालाही नाही. तिच्या हाताखाली होता म्हणूनच बोलला. आणि नेमकं त्यामुळेच तिला इतकं दुखलं की डोळ्यांपुढचं अंगण पुसट झालं. ज्या माणसाशेजारी बत्तीस वर्षं उभी राहिली त्याला बाजूला ठेवून तिला बोलावणं आलं होतं.

“बरं,” ती म्हणाली. “पाडव्याला टेम्पो लागेल रोहिणीला. सहा वाजता पाठव, उशीर नको.”

“वहिनी…”

“डोळे मीट. उटणं जाईल.”

तिने उटणं लावलं, एक जागा न सोडता, दोन्ही हातांना, पाठीला, पायांना. मग पातेल्यातून तांब्या भरून घेतला. इतकी वर्षं ती आधी आपल्या हातावर धार घेऊन बघायची आणि मगच त्याच्या डोक्यावर पाणी ओतायची. आज तिने बघितलं नाही. कढत पाणी टाळूवर पडलं तसा श्रीपाद शहारला, त्याने पाटाच्या कडा घट्ट धरल्या, पण तोंडातून आवाज काढला नाही. वृंदाने दुसरा तांब्या भरला.